सात वाजताची दोरी

मी एक मिस्ड कॉल दिला होता. दुसऱ्याच्या फोनवरून, दुसऱ्याच्या वतीनं, आणि तो द्यायचा नव्हता. एवढीच माझी चूक, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. एक बटण दाबलं, दोन रिंगा होऊ दिल्या, बंद केलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं गेलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि पुढं जवळजवळ चार वर्षं गप्प राहून तेच खोटं रोज बोलत राहिलो. हे आधी कबूल केल्याशिवाय त्या माणसाविषयी लिहायला मला तोंड नाही.

ते आमच्या कॉलेजच्या फाटकावर होते. सैन्यातून परत आलेल्या कुणालाही आमच्याकडं मेजर म्हणतात, तसे आम्हीही त्यांना मेजर म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी प्राचार्यांना दुरुस्त केलं होतं. "मेजर न्हाय सायेब, हवालदार. मेजर लई मागं असतो." पण नाव चिकटलं ते चिकटलं. मी ऑफिसात हेडक्लार्क, म्हणून त्यांच्या लेखी मी भाऊसाहेब. मूळचे सोलापूरचेच, बुद्धविहाराजवळच्या वस्तीत वाढलेले. बायको लवकर गेली होती, एक मुलगी नाशिकला दिलेली. एकटेच राहायचे.

घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. काच चमकली की लांबून दिसते, म्हणून. सोलापुरात त्यांच्या घड्याळाकडं कोण नेम धरून बसणार होतं, पण सवय ती सवय. खुर्ची कायम भिंतीला टेकलेली, तोंड दाराकडं. दुपारी डब्यातली कडक भाकरी काढायचे, तिचे चार तुकडे करायचे, शेंगाचटणीबरोबर तीन खायचे आणि चौथा कागदात गुंडाळून खिशात ठेवायचे. मी एकदा विचारलं, "हा कुणाचा?"

"येईल त्याचा."

"आणि कुणी नाहीच आलं तर?"

"मग उद्या माझा."

राहायला त्यांनी खोली घेतली होती ती एका यंत्रमागाच्या कारखान्याला लागून. भिंतीपलीकडं चोवीस तास खडखडाट. त्यांची घरमालकीण एका लग्नात मला भेटली तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाली, "अय्यो, सगळे भाडेकरू आवाज आहे म्हणून भाडं कमी करा म्हणतात. हे येडं माणूस पैल्या दिवशी विचारतंय, रात्रपाळी चालू असती का म्हणून!" मागांना सुट्टी असली की त्यांना झोप लागत नसे. दुसऱ्या दिवशी डोळे लाल. "आवाज थांबला की कायतरी व्हतंय," एवढंच ते म्हणायचे.

आणि मोजायचे. वर्गातली पोरं बाहेर पडताना मोजायचे, शोकसभेला आलेली माणसं मोजायचे. एकदा आम्ही स्टाफची सहल नळदुर्गाला नेली. परत निघताना मेजर बसच्या दारात आडवे. "एक कमी हाय." केमिस्ट्रीचे सर नव्हते. ते मेव्हण्याच्या मोटारसायकलवरून पुढं गेले असणार, असं सगळ्यांनी सांगितलं.

"असणार म्हंजे? सांगून गेलं का कुणाला?"

सरांचा फोन लागेपर्यंत पाऊण तास बस उन्हात उभी. मॅडम लोक चिडले. शेवटी फोन लागला, सर घरी चहा पीत होते. मेजरांनी त्यांचा आवाज स्वतः ऐकला, मग दारातून बाजूला झाले. "आता हाणा," ड्रायव्हरला म्हणाले.

या सगळ्याला आम्ही हसायचो. संध्याकाळच्या सातला मात्र हसावंसं वाटत नसे.

सातला दहा कमी असताना मेजर हात-तोंड धुवायचे. स्टुलावर बसायचे, समोर दुसऱ्या स्टुलावर आपला जुना बटणांचा फोन ठेवायचे. त्या दहा मिनिटांत प्राचार्यांची गाडी जरी हॉर्न देत उभी राहिली तरी फाटक उघडायला जायचे नाहीत. पाणीसुद्धा नाही. एक गुडघा हलत राहायचा. सात वाजता फोन दोनदा वाजायचा आणि थांबायचा. "आली." मग ते एक बटण दाबायचे, दोन रिंगा मोजायचे, बंद करायचे. "गेली." त्यानंतर चहा मागवायचे, आणि त्यांचा चेहरा पुन्हा माणसासारखा व्हायचा.

फोनवर नावं चमकायची ती गावांची. सांगोला. दुधनी. नातेपुते. एकाच तुकडीतली माणसं, गावाच्या नावानंच एकमेकांना हाक मारायची. तिघं यांना सोलापूर म्हणायचे. सांगोला डाळिंबाची बाग करायचे, दुधनींचं धान्याचं दुकान, नातेपुते शेती बघून बाजारात बी-बियाणं विकायचे. सातला सांगोला सुरुवात करायचे. सांगोल्याहून सोलापूर, सोलापूरहून दुधनी, दुधनीहून नातेपुते, आणि नातेपुत्याहून परत सांगोला. फोन उचलायचा नाही. बोलायचं नाही. याला ते दोरी म्हणायचे.

"पण आता बोलायला पैसे पडत नाहीत, मेजर," मी एकदा म्हणालो.

"फुकाट झालं म्हणून खोटं बोलायचं का?"

"खोटं कशाला?"

"माणूस बोलला की खोटंच बोलतो भाऊसाहेब. कसा हाय म्हटलं की बरा हाय म्हणतो. मरायला टेकला तरी बरा हाय. दोरीला तसं जमत न्हाय. हाय तर हाय, न्हाय तर न्हाय."

त्या दोरीची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. सव्वीस जानेवारीचा झेंडा संध्याकाळी उतरवून आम्ही दोघं गच्चीवर घडी करत होतो. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि तो एका मळकट पांढऱ्या दोरीत ओवलेला. त्या दोरीला पाच गाठी होत्या. मी सहज विचारलं, "चौघं ना तुम्ही? मग गाठी पाच?"

कारगिलची लढाई. एका उतारावर पाच दगड आणि पाच दगडांमागं पाच जण. वर शत्रूची चौकी. आवाज झाला की वरून गोळ्या. दिवसभर पालथं पडून राहायचं, आणि धुकं असं की शेजारचा दगडही दिसेना.

"भीती गोळीची नसती," मेजर म्हणाले. "गोळी लागली तर कळतंयच की. भीती येवढीच, बाकीचे समदे गेल्यात आन आपण एकटाच मेल्याली माणसं राखत बसलोय. त्या येका इचारानं माणूस उठून पळतो. पळाला की मेला."

तंबूची दोरी होती. सांगोल्यांनी डोकं लावलं. एकाच्या मनगटापासून दुसऱ्याच्या मनगटाला अशी पाचही जणांनी ती बांधून घेतली. थोड्या थोड्या वेळानं सांगोला एक हिसका द्यायचे. तो पुढं पुढं जायचा आणि टोकाला जाऊन परत यायचा. एक हिसका म्हणजे, मी आहे.

"चार दिस आमी त्या दोरीवर जगलो. खायला काय व्हतं म्हनाल, तर माझ्या आईनं पार्सल केल्याली कडक भाकरी. ती बी दगडासारखी. पन मनगटाला हिसका बसला की पोट भरल्यागत व्हायचं."

पाचवी गाठ बार्शीची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बार्शीकडून हिसका आला नाही. दोरी ओढली तर नुसती जड. एका बाजूनं मेजर आणि दुसऱ्या बाजूनं दुधनी, दोघं सरपटत गेले. बार्शींच्या पोटात लागलं होतं. ओरडलं तर सगळ्यांवर गोळ्या येतील म्हणून ते आवाज न करता पडून होते. दोघं त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटून पडले, ते जाईपर्यंत.

"येकटा गेला न्हाय," मेजर म्हणाले. "त्याच्या आईला आमी येवढंच सांगितलं. दुसरं सांगण्याजोगं काय नव्हतंच. तवापासून ठरलंय, दोरी आली न्हाय की जायचं. इचारत बसायचं न्हाय."

आणि जायचे ते खरंच. स्नेहसंमेलनाच्या दिवशी, प्रमुख पाहुण्यांची गाडी वळणावर आलेली असताना, दुधनींची दोरी पुढं नातेपुत्याला पोचली नाही. नातेपुत्यांनी फोन केला. सव्वासातला मेजर फाटक उघडं टाकून एका ओळखीच्या जीपमध्ये बसले आणि दुधनीला गेले. तिकडं दुधनी घरात जेवायला बसले होते. त्यांचा फोन दुकानात तुरीच्या पोत्यात पडला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. मेजर म्हणे दारात उभे राहिले, त्यांच्याकडं नुसतं बघत राहिले आणि मग जाऊन त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला. दुधनी गुद्दा खाऊन कानडीत म्हणाले, "बा, ऊटा माडु." ये, जेव. दोघं जेवले.

इकडं उघड्या फाटकातून पोरांच्या मोटारसायकली घुसल्या आणि त्या गर्दीत पाहुणे फाटकावर दहा मिनिटं अडकले होते. प्राचार्यांनी मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, कारण मेजरांची शिफारस माझी होती. मेमो मीच टाईप केला. मेजरांनी तो घेतला, वाचला, घडी करून भाकरीच्या तुकड्याशेजारी खिशात ठेवला. म्हणाले, "बरोबर हाय. फाटक उघडं टाकलं. पन परत तसं झालं तर परत जानार, ह्येबी त्यात लिवा."

तो दिवस माझ्या मनात राहिला. पुढं घडलं त्याचं कारण तोच दिवस, असं मी म्हणू शकतो. पण कारण आणि सबब यांतला फरक मला कळतो.

मेजरांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. "बर्फाचा उजेड साठलाय," ते म्हणायचे. ऑपरेशनला एक रात्र राहायचं होतं, डोळ्यावर पट्टी, फोनला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि आपला फोन दोन्ही हातांनी पुढं केला.

"उद्याची दोरी तुमच्याकडं, भाऊसाहेब."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. सातला सांगोला वाजेल, उचलायचं नाही. मग दुधनीला दोन रिंगा. "आन सांगोल्याची आली न्हाय तर सव्वासातला नातेपुतेला लावायचं. त्यो उचलंल. फकस्त 'आली न्हाय' येवढं म्हनायचं. बाकी त्ये बघतील."

"काळजी करू नका."

"काळजी तर असतीच की. म्हनून तर तुमाला दिली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. एका बटणाचं तर काम, म्हणून.

सात वाजले. फोन माझ्या झब्ब्याच्या खिशात होता. वाजला नाही. सात पाच, सात दहा. व्याही मंडळी येऊन बसली होती, सरबत फिरत होतं, माझी बायको मला डोळ्यांनी खुणावत होती. सव्वासातला मी बाहेर गेलो. नातेपुते हे नाव काढलं. अंगठा बटणावर ठेवला. आणि मला स्नेहसंमेलनाचं उघडं फाटक आठवलं. मी 'आली नाही' म्हटलं की दोन माणसं गाड्या काढून निघणार, मेजरांना दवाखान्यात निरोप जाणार, ते पट्टी बांधलेल्या डोळ्यानं उठून एस. टी. स्टँड गाठणार, आणि सांगोला आपल्या बागेत मजेत विडी ओढत बसलेले असणार. डोळा गेला तर जबाबदार कोण? मी आणखी दहा मिनिटं वाट पाहिली. मग आतून हाक आली, "अहो, अंगठी!"

सात पंचवीसला मी दुधनीला दोन रिंगा दिल्या आणि आत गेलो.

दोरी पुढं गेली. आज फोन नवख्या हातात आहे हे मेजरांनी कळवलेलं, म्हणून दुधनींनी उशिराचं मनावर घेतलं नाही. दुधनीहून नातेपुत्याला, नातेपुत्याहून सांगोल्याला. सांगोल्यांच्या घरात चार्जिंगला लावलेला फोन दोनदा वाजला आणि थांबला. सगळं रोजच्यासारखं.

सकाळी मी फोन परत द्यायला दवाखान्यात गेलो. मेजर खाटेवर ताठ बसले होते. चहाचा कप शेजारी झाकून ठेवलेला.

"आली?"

"आली."

"सातला?"

"सातला."

"गेली?"

"गेली."

त्यांनी झाकण काढलं आणि चहा प्यायला घेतला. तेवढ्यात मी परत दिलेला, त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला. नातेपुते. दोन रिंगा झाल्या. तिसरी झाली. चौथी. त्यांनी कप खाली ठेवला. एका उघड्या डोळ्यानं ते फोनकडं बघत होते, आणि उचलायला त्यांचा हात जाईना.

"नातेपुते बोलतोय," ते मला म्हणाले. "थांबत न्हाय."

सांगोला बागेत ठिबकच्या फिल्टरजवळ पडलेले शेजारच्या वस्तीवरच्या माणसाला सापडले होते, सकाळी सहाला. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला. घरात दुसरं कुणी नाही. त्यांना सोलापूरलाच आणलं. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी नीट होते? मेजर पट्टी बांधलेले तिथं उभे. "सात वाजता. दोरी आली व्हती. भाऊसाहेबांनी बघितली." डॉक्टर म्हणाले, तीन-चार तासांत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, आता उशीर झाला. मी तिथंच होतो, भिंतीला पाठ लावून.

तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा नाही तर त्याच संध्याकाळी. पण प्रत्येक तासागणिक ते सांगणं जड होत गेलं. पहिले काही महिने मला एकच धास्ती होती, कुणीतरी फोनमधली यादी उघडून बघेल. मेजर फोन हातात घेत तेव्हा मी उगाच फायली चाळायला लागायचो. त्यांनी कधी बघितली नाही. मी सांगितलं होतं, मग बघायचं कशाला?

पण खोटं जागेवर बसून राहत नाही. साखरपुड्याच्या संध्याकाळी साडेआठला वहिनींनी पुण्याहून फोन केला होता. सांगोला उचलेनात. म्हणून त्यांनी नातेपुत्यांना फोन केला, जरा बघता का? आणि नातेपुते म्हणाले, "वहिनी, दोरी फिरली की. हायत त्ये. झोपले असतील." दोरीवर त्यांचा तेवढा विश्वास. वहिनी ते विसरल्या नाहीत. मी सांगूनही आले नाहीत, एका माणसाला वस्तीवरून पाठवलंसुद्धा नाही, असं त्या येईल त्याला सांगायच्या. पुढं त्यांनी नातेपुत्यांना घरात यायला मनाई केली. नातेपुते चार-पाच वेळा फाटकावर येऊन परत गेले. मग त्यांची दोरी थांबली. फोन चालू, पण दोरी नाही.

मेजर सातला बसायचे तसेच. आता सुरुवात तेच करायचे. दुधनीपर्यंत जायची आणि दुधनीहून परत यायची. चहा मागवायचे, पण निम्मा ठेवायचे. "मानूस हाय," एकदा म्हणाले, "पन दोरी तुटली, भाऊसाहेब."

एकदा मी त्यांच्याबरोबर सांगोल्याला गेलो होतो, फळं घेऊन. न जाणं जास्त संशयास्पद दिसलं असतं. सांगोला पडवीत खुर्चीवर होते. मेजर त्यांच्याशी नेहमीसारखं बोलत होते. "सातला दोरी दिली तू, आन मग अंधारात बागेत कशाला मरायला गेलास?" सांगोल्यांनी मान हलवली. नाही. डावा हात हलवला, नाही, नाही, आणि घशातून आवाज काढला. मेजर हळूच मला म्हणाले, "दोरीचं नाव काढलं की असंच करतो. डोस्कं चालंना आता त्याचं." सांगोल्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कोण हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. तरी मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून बाहेर गेलो.

त्या पडवीत शुद्धीवर असलेला तो एकच माणूस होता आणि त्याला वेडा ठरवणारा मी.

गेल्या महिन्यात मेजरांनी नोकरी सोडली. वहिनींच्या कमरेच्या दुखण्यानं उचल खाल्ली होती, सांगोल्यांना उठवणं-बसवणं त्यांना होईना. "मी तितंच जाऊन ऱ्हातो," मेजर म्हणाले. शेवटच्या दिवशी किल्ल्या द्यायला ऑफिसात आले. जुडग्यातून पाच गाठींची दोरी सोडवून घेत होते.

"येकच वाईट वाटतंय. नातेपुतेला आत येऊ देत न्हाईत. त्याचं काय चुकलं? दोरी फिरली व्हती, त्यानं तसंच सांगितलं. कदी कदी मलाच शंका येती, सांगोल्यानंच कायतरी..."

"मेजर, दोरी आली नव्हती," मी म्हणालो.

त्यांची बोटं थांबली.

मी सगळं सांगितलं. साखरपुडा, उघडं फाटक, अंगठी. सांगताना मलाच ऐकू येत होतं की मी अजून कारणं देतोय. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर एकच विचारलं.

"किती वाजता दाबलं?"

"सात पंचवीसला."

त्यांनी मनगट उलटं करून घड्याळात बघितलं, जणू आत्ता सात पंचवीस झाले होते. "वस्तीवरचा मानूस पाच मिन्टांत पोचला असता," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोरी सुटली, ती त्यांनी हाताभोवती गुंडाळली.

"मी माफी मागतो, मेजर."

"मला कशाला? ज्याची दोरी त्याला सांगा. रविवारी चला. नातेपुतेलाबी बोलावतो."

रविवारच्या एस. टी.त ते माझ्याशेजारी बसले नाहीत. दोन रांगा पुढं बसले, दाराकडं तोंड करून. मंगळवेढ्याला गाडी थांबली तेव्हा मी उतरून चुना-तंबाखू घेतला, गर्दीत जरा उशीर झाला. परत आलो तर ते पायरीवर उभे होते आणि कंडक्टरला सांगत होते, "थांबा. आमी दोघं हाय. येक कमी हाय." मी चढलो. माझ्याकडं न बघता ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

सांगोल्यांच्या घरी पडवीत खुर्ची होती तिथंच होती. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मेजरांनी त्यांना सूप बाजूला ठेवायला सांगितलं. नातेपुते आले होते, पण आत नाही. बाहेर फाटकाशी, टोपी हातात घेऊन, लिंबाखाली. वहिनींनी त्यांना बघून तोंड फिरवलं. "तुमीच बोलावलं असंल," मेजरांना म्हणाल्या. "तितंच उबं ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या तितंच," मेजर म्हणाले. मग माझ्याकडं वळले. चार दिवसांत प्रथमच. "त्याचा उजवा कान लढाईतच गेलाय. डाव्या बाजूनं बोला. आन मोठ्यानं बोला. फाटकापातुर गेलं पायजे."

मी हळू आवाजात बोलायचं ठरवून आलो होतो. वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी गेली. मी खुर्चीच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसलो. सांगोल्यांनी माझ्याकडं बघितलं, मागच्या खेपेसारखंच.

"त्या दिवशी तुम्ही दोरी दिली नव्हती," मी मोठ्यानं म्हणालो. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो. "तुम्ही दिली नव्हती. ती मी ओढली. सोलापूरच्या फोनवरून, सात पंचवीसला. मला नातेपुत्यांना सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. तुम्ही मान हलवत होता ते बरोबर होतं. वहिनी, नातेपुत्यांना माहीत नव्हतं. त्यांना दोरी मिळाली ती माझी होती. ते आले असते. ते नक्की आले असते. तुम्ही रात्रभर एकटे पडून राहिलात ते माझ्यामुळं. माझं चुकलं. मला माफ करा."